जेवणाऐवजी पावडर: कारखान्याच्या आतले किस्से

12 एप्रिल 2000 या दिवशी युनिलिव्हरनं दोन खरेद्या एकदम जाहीर केल्या. एक होती बेन अँड जेरीज, साय-साखरेनं ओथंबलेल्या आइस्क्रीमची अमेरिकन कंपनी. तिच्यासाठी मोजले सुमारे 32.6 कोटी डॉलर. दुसरी स्लिमफास्ट, जेवणाऐवजी प्यायच्या शेकची. तिच्यासाठी 2.3 अब्ज डॉलर. आमच्या धंद्यात नव्या माणसाला हा किस्सा आवर्जून सांगतात आणि वाढवणारा नि उतरवणारा एकाच घरात नांदायला आले म्हणून सगळे हसतात. मला हसू येतं ते आकड्यांचं. वजन उतरवायच्या पावडरीला आइस्क्रीमच्या सातपट भाव!

मी अन्नतंत्रज्ञ. पुण्याजवळच्या एका औद्योगिक वसाहतीत, दुसऱ्यांच्या ब्रँडसाठी पावडरी आणि बार बनवून देणाऱ्या कारखान्यात बरीच वर्षं काढली. सकाळी ज्या मिक्सरमधून एका ब्रँडचा शेक निघायचा, त्याच मिक्सरमधून, धुऊन-पुसून, दुपारी दुसऱ्याचा. दोन डब्यांवरच्या बायकांचे चेहरे वेगळे, आतली पावडर चुलत बहिणी म्हणाव्यात इतकी सारखी. नातेवाइकांना हे कळल्यापासून लग्नाच्या पंगतीत शेजारी कुणी ना कुणी मावशी येऊन बसतेच. "अगं, ते शेक चांगले असतात का गं? आमची सूनबाई रात्री जेवतच नाही, तेच पिते." ताटात जिलबी असते, पुढे मठ्ठा असतो, अशा वेळी काय उत्तर द्यायचं?

डब्यात काय असतं ते सांगणं सोपं आहे. दुधाची पावडर किंवा व्हे, सोया प्रोटीन, माल्टोडेक्स्ट्रिन, थोडी फॅट पावडर, दाटपणासाठी ग्वार गम, गोडीसाठी साखर किंवा सुक्रालोज, कोको आणि फ्लेवर. यातलं काहीच विष नाही आणि काहीच अमृत नाही. सोयाला एक कच्च्या शेंगेसारखा वास असतो, तो चॉकलेट आणि कॉफी पोटात घालतात. म्हणून कुठल्याही दुकानात हेच दोन फ्लेवर आधी दिसतात. सगळ्यांत महाग माल म्हणजे व्हिटॅमिन-मिनरलचं प्रीमिक्स. त्याची छोटी पिशवी फोडली की रिबोफ्लेविननं हातमोजे पिवळे होतात आणि बी व्हिटॅमिनचा तो उग्र वास दिवसभर नाकातून जात नाही. व्हिटॅमिनं ठेवल्या ठेवल्या कमी होत जातात, म्हणून छापलेल्या आकड्यापेक्षा थोडी जास्तच घालतात, म्हणजे एक्स्पायरीच्या दिवशीही लेबल खरं ठरतं.

एका ब्रँडवाल्यांना केशर-पिस्ता हवा होता. दिवाळीला काढायचा होता. ट्रायल सुरेख झाली, रंग अगदी आटवलेल्या दुधासारखा. पाऊच चाळीस अंश आणि पंचाहत्तर टक्के आर्द्रतेच्या कपाटात ठेवले, आणि काही आठवड्यांनी उघडून बघतो तर पावडर मळकट राखाडी, चव खिळा चाटल्यासारखी. प्रीमिक्समधलं लोह रंगाशी आणि फॅटशी भांडलं होतं. मग पांढरं, शांत स्वभावाचं दुसरं लोह घेतलं, फेरिक पायरोफॉस्फेट. ते महाग, आणि अंगी लागायला पहिल्यापेक्षा थोडं कमी. लेबलवर दोन्ही वेळेला लोहाचे मिलिग्रॅम तेच. घरची मेथीची भाजी अशी रंगासाठी अडून बसत नाही, हे मी त्या मीटिंगमध्ये बोलले नाही एवढंच.

पण मुळात जेवण बंद करून पावडर प्यावी हे कुणाच्या डोक्यातून निघालं? तो किस्सा अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या इव्हान्सव्हिलचा. तिथं मीड जॉन्सन ही बाळांच्या दुधाची पावडर करणारी कंपनी. त्यांच्याकडे सस्टाजेन नावाचं, अन्न न जाणाऱ्या रुग्णांसाठीचं पेय होतं. हडकलेल्या माणसाच्या अंगावर मांस चढावं म्हणून केलेलं. त्याच जातीच्या मिश्रणाला 1959 मध्ये त्यांनी नवं नाव दिलं मेट्रेकल आणि ते जाड्या माणसांना विकायला काढलं. घटक साधेच, दुधाची पावडर, सोयाचं पीठ, मक्याचं तेल, व्हिटॅमिनं. किमया होती मापात. एका वेळेला 225 कॅलरी, दिवसाला चार वेळा, एकूण 900, बाकी काही नाही. रोग्याला वजन वाढवायला द्यायचं ते मापून, जेवणाऐवजी दिलं, एवढाच फरक. लोक तुटून पडले. वर्षा-दोन वर्षांत पेट मिल्कचं सेगो आलं, पुढे कार्नेशनचं स्लेंडर आलं. वजनं उतरली, कारण 900 कॅलरीत कुणाचंही उतरेल. मग लोकांना खडूसारख्या चवीचा कंटाळा आला आणि ते आपापल्या ताटावर परत गेले.

हॉस्पिटलमधून निघालेली ही वस्तू दुकानात आली तेव्हा तिच्याबरोबरचा डॉक्टर मात्र हॉस्पिटलातच राहिला. माझ्या मते या सगळ्या प्रकरणाची गोम इथंच आहे.

डॉक्टर मागे राहिला म्हणजे काय होतं ते 1976 नंतर दिसलं. रॉबर्ट लिन नावाच्या पेनसिल्व्हेनियातल्या डॉक्टरनं 'द लास्ट चान्स डाएट' हे पुस्तक काढलं आणि त्याबरोबर द्रवरूप प्रोटीनची लाट आली. दिवसाला 400 पेक्षा कमी कॅलरी. प्रोटीन कशाचं, तर कत्तलखान्यातली कातडी, स्नायुबंध, हाडं यांतून काढलेलं कोलॅजेन, वर कृत्रिम स्वाद. कोलॅजेनमध्ये ट्रिप्टोफॅन हे शरीराला लागणारं अमिनो आम्ल नावालाही नसतं. पण प्रयोगशाळेत प्रोटीन मोजायची रूढ पद्धत म्हणजे नायट्रोजन मोजून त्याला 6.25 नं गुणायचं. त्या गणितात कातडं आणि दूध सारखंच दिसतं. पन्नासहून जास्त माणसं दगावली. त्यातली काही तरुण, दुसरा कुठलाही आजार नसलेली, हृदयाची लय बिघडून अचानक गेलेली. त्यानंतर अमेरिकेत अशा मालावर 'गंभीर आजार किंवा मृत्यू येऊ शकतो' असं छापणं सक्तीचं झालं. नायट्रोजनच्या गणिताचा गैरफायदा आजही संपलेला नाही. ग्लायसीन, टॉरीनसारखी स्वस्त अमिनो आम्लं मिसळून प्रोटीनचा आकडा फुगवायला आमच्याकडे 'स्पायकिंग' म्हणतात. केरळमधल्या एका डॉक्टरांच्या गटानं 2024 मध्ये भारतीय बाजारातल्या 36 प्रोटीन पावडरी तपासल्या, तेव्हा त्यांतल्या सत्तर टक्क्यांच्या आसपास डब्यांवरचा प्रोटीनचा दावा जुळला नाही. ते शेक नव्हते, पण कच्चा माल त्याच बाजारातून येतो.

आता अमेरिकन टीव्हीवरच्या ओप्रा विन्फ्रीचा किस्सा. तो बहुतेकांना अर्धाच ठाऊक असतो. नोव्हेंबर 1988 मध्ये ती आपल्या कार्यक्रमात लाल रंगाची छोटी हातगाडी ओढत आली. गाडीत प्राण्याची चरबी, 67 पौंड, म्हणजे तीस किलो. एवढं वजन मी उतरवलं, असं दाखवायला. अंगात दहा नंबरची जीन्स. चार महिने तिनं ऑप्टिफास्ट या पेयावर काढले होते. टाळ्यांचा कडकडाट झाला. पडद्यामागची गोष्ट तिनंच पुढे सांगितली. खऱ्या अन्नावर परतल्यावर दोन आठवड्यांत दहा पौंड परत आले होते, आणि नंतर बाकीचेही. 1991 मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगानं ऑप्टिफास्ट, मेडिफास्ट आणि अल्ट्राफास्ट या तिन्ही पेयांच्या कंपन्यांना धरलं, कारण वजन कायमचं उतरतं या दाव्याला त्यांच्याकडे पुरेसा पुरावा नव्हता.

त्याच सुमारास स्लिमफास्टच्या जाहिरातीत बेसबॉलचे प्रशिक्षक टॉमी लासोर्डा झळकत होते. पास्त्यावर जीव असलेला, ढेरपोट्या, सगळ्यांचा लाडका माणूस. त्यांच्या खेळाडूंनी पैज लावली होती की साहेबांनी तीस पौंड उतरवून दाखवावेत, पैसे नन्सच्या एका मठाला देऊ. ते उतरले. जाहिरातीचं सूत्र पाठ झालं होतं, सकाळी एक शेक, दुपारी एक शेक, रात्री 'समंजस' जेवण. यातला पहिला भाग कंपनी विकत होती. समंजसपणा ज्याचा त्यानं आणायचा.

बारकडे वळू, कारण आमच्या कारखान्यात खरी फजिती बारनं केली. प्रोटीनचा बार सकाळी मशिनमधून निघतो तेव्हा पेढ्यासारखा मऊ असतो. मग आतलं प्रोटीन हळूहळू पाणी ओढून घेतं आणि बार दिवसागणिक कडक होत जातो. आमच्या पहिल्या बारची चव घ्यायला पॅनेल बसलं होतं. त्यात अकाउंट्सचे काका हौसेनं आले होते. त्यांनी तीन महिने ठेवलेल्या नमुन्याचा लचका तोडला आणि त्यांच्या दाढेची कॅप बारमध्येच राहिली. माल तपासणाऱ्या क्यूसी विभागातल्या मुलीनं चवीच्या फॉर्मवर 'टेक्स्चर' या रकान्यात काय लिहायचं म्हणून विचारलं. काका म्हणाले, "लिही, दाताचं बिल कंपनीला."

उपाय ठरलेला आहे. बार मऊ राहावा म्हणून ग्लिसरीन घालायचं, साखर न घालता गोड लागावा म्हणून माल्टिटॉल, आणि फायबरचा आकडा मोठा दिसावा म्हणून चिकोरीच्या मुळाचं इन्युलिन. वर चॉकलेटसारखा थर, पण कोको बटरचा नव्हे. ते आपल्या उन्हाळ्यात वितळतं, म्हणून वनस्पती तेलाचं कंपाउंड. बार झकास मऊ झाला. दुपारच्या आढावा बैठकीत सगळ्यांनी दोन-दोन, तीन-तीन खाल्ले. एसी लावून खिडक्या बंद केलेली खोली. तासाभरात एकेक जण फोन आल्याचं निमित्त करून बाहेर जायला लागला. माल्टिटॉल पूर्ण पचत नाही, इन्युलिनही नाही. आतड्यातले जिवाणू त्यांच्यावर मेजवानी करतात आणि वायू सोडतात. पॅकेटच्या मागे बारीक अक्षरात पोट सुटू शकतं असं लिहावंच लागतं ते यासाठी. तुम्ही कधी वाचलंय? उगाच नाही ते अक्षर मुंगीएवढं.

मग आली कॅलरीची मीटिंग. मार्केटिंगच्या मुलाला पॅकेटच्या पुढच्या बाजूला दीडशेच्या आतला आकडा हवा होता. साठ ग्रॅमच्या बारमध्ये ते होईना. तो म्हणाला, "मॅडम, बारच छोटा करा ना." झाला चाळीस ग्रॅमचा. नाव मात्र राहिलं 'मील बार'. आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानकात वजन घटवण्यासाठी एका जेवणाची जागा घेणाऱ्या पदार्थात 200 ते 400 कॅलरी असाव्यात असं सांगितलंय, सगळ्याच जेवणांची जागा घेणार असेल तर दिवसाला 800 ते 1200. दीडशेच्या आतला बार म्हणजे चहाबरोबरचं खाणं. तो खाऊन माणूस तासाभरात फरसाणाच्या डब्याकडे वळला तर त्याची जीभ चावट म्हणून नव्हे, तर पोट रिकामं म्हणून.

शेकच्या डब्यावरचा आकडा तर आणखी मजेदार. तो बहुतेक वेळा नुसत्या पावडरीचा, नाहीतर पाण्यातल्या शेकचा असतो. घरी काय होतं? आमच्या शेजारच्या वहिनी त्यात म्हशीचं दूध घालायच्या, मोठा पेला भरून. नुसत्या दुधाच्याच अडीचशेच्या घरात कॅलरी झाल्या. चव येईना म्हणून केळं, वर चमचाभर मध. आणि नवरा एकटा कसा जेवणार म्हणून त्याच्याबरोबर अर्धी पोळी. वजन वाढल्याची तक्रार त्यांनी माझ्याकडे आणली, मी कारखान्यातली म्हणून! जेवणाऐवजी घ्यायचा शेक जेवणावर घेतला की तो शेक राहत नाही, मिल्कशेक होतो.

चांगली बाजूही सांगितली पाहिजे, आणि ती कमी नाही. नीट मापात, जेवणाच्या जागी घेतले तर हे शेक काम करतात. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी 2019 मध्ये 23 अभ्यासांची, सुमारे आठ हजार माणसांची बेरीज मांडली. इतर डाएटपेक्षा वर्षाअखेरी वजन जास्त उतरलं, पण सरासरी दीड किलोच्या आतच. कारणही काही गूढ नाही, आज काय खाऊ, किती खाऊ, हा निर्णयच दिवसातून एकदा-दोनदा टळतो.

सगळ्यांत बोलका प्रयोग ब्रिटनमधला, डायरेक्ट नावाचा. न्यूकॅसलचे रॉय टेलर आणि ग्लासगोचे माइक लीन यांनी टाइप 2 मधुमेहाच्या सुमारे 300 रुग्णांवर केलेला. अर्ध्यांना नेहमीचे उपचार. अर्ध्यांना तीन ते पाच महिने फक्त शेक आणि सूप, दिवसाला साधारण 850 कॅलरी. वर्षाअखेरी शेकवाल्यांपैकी 46 टक्के लोकांचा मधुमेह औषधाविना आटोक्यात आला, दुसऱ्या गटात 4 टक्के. पंधरा किलो किंवा जास्त उतरवलेल्यांत तर 86 टक्के. 2017 मध्ये हे छापून आलं आणि आमच्या क्षेत्रातले लोक पेढे वाटायचेच बाकी होते. कुणीतरी लगेच विचारलं, हा आकडा डब्यावर छापता येईल का?

पण तो पेपर शेवटपर्यंत वाचला तर पावडरीपेक्षा बाकीचीच व्यवस्था डोळ्यात भरते. पहिल्या दिवशीच मधुमेहाची आणि रक्तदाबाची औषधं थांबवलेली, डॉक्टरच्या देखरेखीत. शेक संपल्यावर खरं अन्न एकदम नाही, दोन ते आठ आठवड्यांत एकेक जेवण करून परत आणलेलं. मग दर महिन्याला नर्स किंवा डाएटिशियनची भेट, दोन वर्षं. वजन पुन्हा चढायला लागलं तर काय करायचं तेही आधीच ठरलेलं. एवढं करूनही दुसऱ्या वर्षी मधुमेह आटोक्यात राहिलेले 36 टक्क्यांवर आले, आणि त्यापुढे आणखी कमी झाले. ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा आता हा कार्यक्रम देते, पण हीच सगळी व्यवस्था बरोबर घेऊन.

औषधाची गोष्ट का महत्त्वाची, ते मी रात्रपाळीत पाहिलंय. आमच्या एका शिफ्ट इन्चार्जना मधुमेह. शुगर खाली आणणाऱ्या गोळ्या चालू. माल हाताशी, म्हणून त्यांनी कुणाला न विचारता दोन्ही जेवणं बंद करून शेक सुरू केले, गोळी मात्र तीच, तेवढीच. रात्री दोनला मिक्सरपाशी घामाघूम होऊन, हात थरथरत, खाली बसले. शुगर पार उतरली होती. आम्ही साखर शोधायला धावलो. घाईत हाताशी सुक्रालोजचे ड्रम आले, स्टीव्हिया आला, माल्टिटॉल आलं. सगळं गोड, आणि त्या क्षणाला सगळं बिनकामाचं. शेवटी वॉचमनच्या केबिनमध्ये चहाचा डबा सापडला, त्यातली साखर पाण्यात घालून पाजली. नंतर त्यांच्या डॉक्टरांनी आधी गोळी कमी केली, मग फक्त रात्रीच्या जेवणाऐवजी शेक, दुपारी घरचा डबा, भाकरी-भाजी-उसळ. वर्षभरात त्यांचं वजन बऱ्यापैकी उतरलं. इन्सुलिन किंवा तसल्या गोळ्या घेणारे, गरोदर बाया, किडनीचे रुग्ण यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय यात पडू नये, असं मी तेव्हापासून मावशी विचारायच्या आधीच सांगून टाकते. सूनबाई तरुण असेल, धडधाकट असेल, एक वेळ घेत असेल, उरलेल्या वेळी डाळ-भाजी-फळं पोटात जात असतील तर काही महिने खुशाल घेऊ दे.

एका ब्रँडनं आमच्याकडे 21 दिवसांचा प्लॅन बांधायला दिला होता. खोका, त्यात पाऊच, एक शेकर. त्यांनी मुंबईच्या एका अनुभवी डाएटिशियन बाईंना नेमलं होतं. बाईंनी मनापासून चार पानी माहितीपत्रक लिहिलं, बाविसाव्या दिवसापासून काय करायचं त्याचं. आधी नाश्ता परत आणा, मग आठवड्यानं दुपारचं जेवण. भाकरी किती, वरण किती, तेल कुठं मोजायचं, बाहेर जेवायची वेळ आली तर काय मागवायचं. सबंध खोक्यात मला तेवढीच गोष्ट कामाची वाटली. पॅकिंगच्या मीटिंगमध्ये ते पत्रक खोक्यात ठेवून बघितलं तर झाकण नीट बसेना. खोका मोठा करायचा तर नवा साचा, नवा खर्च. पत्रक एका पानाचं करू, असं कुणीतरी सुचवलं. मग एका पानात एवढं सगळं बसणार कसं म्हणून तेही गेलं. त्या जागी पत्त्याएवढं चकचकीत कूपन आलं, पुढच्या खोक्यावर पंधरा टक्के सूट. बाईंचं बिल मात्र वेळेवर चुकतं केलं, त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती.